कोल्हापूरचे पाहुणे, दोन दिवस आणि नाशिकच्या वायनरी: कुठं न्यावं आणि घरच्या मटणासोबत काय ठेवावं?

इंदिरानगरची_शिल्पा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. फेब्रुवारीत कोल्हापूरहून माझा मामेभाऊ, वहिनी, भावाचे दोन मित्र आणि मावशी असे सगळे येतायत, शुक्रवारी रात्री पोचणार आणि सोमवारी सकाळी परत. भावाने आत्ताच बजावून ठेवलंय की दरवेळी पंचवटी आणि त्र्यंबक दाखवतेस, यावेळी वायनरी दाखव. आता मी नाशकात वाढलेली असले तरी माझी वाइनची समज म्हणजे सुलाला जाऊन द्राक्षबागेसमोर फोटो काढणे आणि पिझ्झा खाऊन परत येणे एवढीच. आणि या लोकांना वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोडमिट्ट पोर्ट, बास, त्यामुळे एकदम कोरडी, म्हणजे बिनगोडाची रेड पुढे ठेवली तर तोंडं वाकडी करतील हे दिसतंच आहे.

मावशी माळकरी, ती घेणार नाहीच, पण तिला वणीला देवीच्या दर्शनाला जायचंय, ते काही टळणार नाही.

तर गंगापूर धरणाकडे जावं, दिंडोरीकडे की इगतपुरीकडे? दोन दिवसांत सगळीकडे होईल का? दुसरं म्हणजे ते शेनिन, सोव्हिन्यों (पांढऱ्या), शिराझ (लाल) वगैरे जे वाइनचे प्रकार असतात त्यात नवख्या माणसाला सुरुवात कशाने करून द्यायची. आणि तिसरं, जे माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त घोळतंय, शनिवारी रात्रीचं जेवण घरी आहे. आधी साबुदाणा वडे आणि कोथिंबीर वडी, मग काळ्या मसाल्याचं मटण नि बाजरीची भाकरी, मावशीसाठी वेगळ्या भांड्यात शेवभाजी आणि वांग्याचं भरीत. शेवटी बहुतेक पुरणपोळी. भाऊ म्हणतो यासोबत पण वाइनच हवी. इतक्या तिखट जेवणासोबत वाइन चालते तरी का, का उगाच पैसे पाण्यात? रविवारी मिसळ तर ठरलेलीच आहे.

गंगापूररोड_पंक्या

ताई, सगळीकडे जायचं हे आधी डोक्यातून काढून टाका. तीन बाजू तीन दिशांना आहेत आणि एका दिवसात चार वायनरी करणारी मंडळी मी बघितलीयत, तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांचं एकच मत असतं, "छान आहे", कारण तोपर्यंत जीभ संपलेली असते.

पहिल्यांदाच येतायत ना, मग गंगापूर-सावरगाव रोड. सुला, यॉर्क आणि सोमा तिन्ही एकाच पट्ट्यात, शहरातून अर्धा-पाऊण तास. सुला बघायची ती कारखाना म्हणून बघा, मोठ्या मोठ्या स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, टूर नीट करून सांगतात. १९९९ मध्ये वायनरी उभी राहिली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली, त्याच्या आधी या पट्ट्यात वाइन प्यायला कोणी पर्यटक येईल असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. यॉर्क छोटी आणि निवांत, बसून चार गोष्टी विचारता येतात. ती पण २०२१ पासून सुलाच्याच मालकीची झालीय, पण जागेचा स्वभाव वेगळा आहे. एक मोठी एक छोटी अशा दोनच करा.

फक्त एक, शनिवार दुपारनंतर सोमेश्वरच्या पुढे गाड्यांची जी रांग लागते ती मुंबई-पुण्याची अख्खी जत्रा असते. सकाळी ११ च्या आत पोचा, टेस्टिंग आधी बुक करा. आणि गाडी चालवणारा एक जण न पिणारा ठेवा किंवा सरळ कॅब करा. टेस्टिंगमध्ये पाच-सहा घोट-घोटच मिळतात पण ते एकत्र मिळून ग्लासभर होतं आणि मग जेवताना अजून एक बाटली उघडली जातेच, सगळ्यांना माहितीय.

इगतपुरीकडे व्हॅलोने आहे, मुकणे धरणाच्या कडेला कावनईजवळ, आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. व्हॅलोनेची जागा मला स्वतःला सगळ्यात आवडते, पावसाळ्यानंतर तर विचारूच नका, समोर पाणी आणि मागे डोंगर. पण तुमचे पाहुणे सिन्नरवरून येणार, म्हणजे इगतपुरी उलट्या दिशेला पडतं, त्यासाठी वेगळा दिवस हवा. मुंबईकडून कोणी येणार असेल तेव्हा ठेवा.

वणी दिंडोरीवरूनच आहे, त्यामुळे रविवारी ते एकत्र बसतं. गडावर आता फ्युनिक्युलर (रुळांवरून चढणारी) ट्रॉली आहे, मावशींना पायऱ्या चढायची गरज नाही. येताना दिंडोरी तालुक्यात शांदों आहे, मुख्यतः फेसाळ वाइन बनवतात, २०१३ पासून. पण तिथे सुलासारखं उठून गेलं नि बसलं असं समजू नका, आधी फोन करून विचारून घ्या. आणि दर्शन आधी, वायनरी नंतर, हा क्रम मोडू नका, मावशी वर्षभर ऐकवतील.

मिसळ शनिवारी सकाळीच उरका की, बारदान फाट्याला चुलीवरची खायची आणि तसंच पुढे सुलाला, रस्त्यातच आहे.

निफाडचा_बागायतदार

शिल्पाताई, मी टेबल (खायची) द्राक्ष पण करतो आणि थोडी वाइनची पण, तेव्हा बागेच्या बाजूने सांगतो, कारण वाइन कोणती घ्यावी याचं अर्धं उत्तर बागेतच आहे.

तुमचे पाहुणे अगदी योग्य वेळेला येतायत. युरोपात द्राक्ष काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर असते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. तिकडे थंडीत बर्फ पडतो, वेल झोपतो, वर्षाला एक छाटणी. आपला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात. खरड छाटणीनंतर काडी तयार होते, तिच्यात पुढच्या घडांचा डोळा बसतो, आणि पीक घ्यायचं ते गोडी छाटणीवर. म्हणजे फुलोरा, मणी भरणं, साखर उतरणं सगळं कोरड्या थंड दिवसांत. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो तो उगाच नाही. रात्र थंड आणि दिवसा ऊन, यात द्राक्षात साखर चढते पण आंबटपणा टिकतो. समुद्रसपाटीपासून आपण साधारण ६०० मीटरवर आहोत त्याचा फायदा. हीच द्राक्षं खाली कोकणात लावली तर नुसती रोगराई.

पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागतं. पांढरी लवकर निघतात, जानेवारीपासून. लाल द्राक्षाला साखरेबरोबर साल आणि बी पण पिकावी लागते, त्या द्राक्षाला वेलीवर थांबवावं लागतं, आणि तोवर मार्चचं ऊन डोक्यावर येतं. साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, त्यामुळे चांगली लाल वाइन आपल्याकडे करता येते पण ती कष्टाची. पांढरी आणि फेसाळ हे आपल्या मातीला सहज जमतं असं माझं मत. फेसाळसाठी तर द्राक्षं अजून आधी तोडतात, साखर कमी आणि आंबटपणा भरपूर असतानाच.

वाइनची द्राक्षं बागेत बघायला मिळाली तर एखादा मणी खाऊन बघा. बारीक, बियांची, जाड सालीची. बाजारात जी थॉम्पसन, सोनाका, शरद मिळतात त्यांना मणी फुगवायला जीएचे (वाढीच्या संजीवकाचे) डिप देतो, वाइनच्या द्राक्षाला त्याचं काही काम नाही, तिथे मणी लहानच हवा कारण रंग आणि वास सालीत असतो. एकरी माल पण मुद्दाम कमी ठेवायचा. म्हणून भाव बघताना लोक फसतात, किलोला काय मिळालं यापेक्षा एकरी काय पडलं ते बघायचं असतं.

२००८-०९ च्या मंदीत वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आमच्या भागात किती जणांनी त्या बागा तोडून वर टेबलची जात कलम केली. आता परत बरे दिवस आहेत, पण अवकाळीची धास्ती दोघांनाही सारखीच. डाऊनी आणि भुरी हे रोग काय टेबल-वाइन बघून येत नाही.

आमच्या बाजूला यायचं असेल तर निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो आहे, इटलीच्या जाती लावल्यात त्यांनी, नेरो दाव्होला, ग्रिल्लो, सांजोव्हेसे. विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क आहे पण पाहुण्यांना न्यायचं असं तिथे फार काही नाही, लासलगावला कांदा बघायला आलात तर गोष्ट वेगळी.

रसिका_पंचवटी

पंक्या दादा, मिसळ खाऊन टेस्टिंग? अहो, तर्री पिऊन गेल्यावर पुढचे दोन तास जिभेला फक्त मिरची आठवते, सगळ्या वाइन सारख्याच लागतील. शिल्पा, मिसळ रविवारीच ठेव, आणि शनिवारी निघताना पोहे किंवा उपमा खाऊन निघा. रिकाम्या पोटीही नको.

मी हॉटेल लाइनमध्ये आहे, लोकांना वाइन वाढते, त्यामुळे जेवणाचं मी सांगते, जरा मोठं होईल.

तिखट जेवणासोबत वाइन चालते का, तर चालते, पण चुकीची घेतली तर दोन्ही बिघडतात. लाल वाइनमध्ये टॅनिन असतं, ते द्राक्षाच्या सालीतून आणि बीतून येतं, कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आवळतं तसं वाटतं ते. टॅनिन आणि मिरची एकत्र आली की मिरची अजून भडकते. अल्कोहोल जास्त असेल तरी तेच. याउलट वाइनमध्ये थोडा गोडवा असेल आणि ती गार असेल तर मिरची शांत होते. म्हणून सगळे पाहुण्यांना मटण म्हटलं की जाडजूड लाल कॅबरने आणून ठेवतात ना, ते कोल्हापुरी तिखटासोबत मला अजिबात पटत नाही.

आता तुझं ताट घेऊ. साबुदाणा वडे आणि कोथिंबीर वडी, तळलेलं आणि खारट, याला फेसाळ वाइनसारखं दुसरं काही नाही. शांदोंची ब्रूट (म्हणजे कोरडी फेसाळ) किंवा सुलाची ब्रूट, कुठलीही घे. बुडबुडे आणि आंबटपणा तेल कापतो, पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. खरं सांगू, कोंडाजीचा चिवडा आणि गार ब्रूट हे नाशिकचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी कॉम्बिनेशन आहे, हॉटेलात कोणी ठेवत नाही ही गोष्ट वेगळी. कोथिंबीर वडीसोबत सोव्हिन्यों ब्लां पण मस्त, आपल्याकडच्या सोव्हिन्योंला हिरव्या मिरचीचा, ढोबळी मिरचीचा वास असतो तो कोथिंबिरीशी जमतो.

भरीत कसं करतेस त्यावर आहे. खानदेशी पद्धतीचं, हिरवी मिरची ठेचून, कच्चा लसूण, कांद्याची पात घातलेलं असेल तर पुन्हा सोव्हिन्यों ब्लांच. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि तो हिरवा वास एकमेकांना ओळखतात. दह्याचं असेल तर नको, तेव्हा शेनिन.

शेवभाजी मात्र अवघड बाई आहे. तेल, तिखट, लसूण, मसाला, सगळंच टोकाचं. इथे झिन्फांडेल रोझे घे, ती सुलाची गुलाबी वाइन, किंचित गोडसर असते आणि थंडगार प्यायची. तुझ्या पोर्टवाल्या भावाला पण तीच आवडणार बघ, लिहून ठेव.

नवख्यांसाठी क्रम असा, आधी शेनिन ब्लां, मग रोझे, मग सोव्हिन्यों, आणि लाल सगळ्यात शेवटी. शेनिन आपल्याकडे बऱ्याचदा थोडी गोडसर बनवतात, पेरू-अननसासारखा वास, कोणाला नाही म्हणता येत नाही. पहिलाच घोट कोरड्या लालचा दिला तर माणूस आयुष्यभर म्हणतो वाइन आंबट-कडू असते.

मटणाचं बोलायचं तर दोन रस्ते. रस्सा तुमच्या नेहमीच्या कोल्हापुरी हाताने करणार असशील तर सरळ ती रोझेच पुढे चालू ठेव, लाजायचं कारण नाही. आणि जर काळ्या मसाल्यात खोबरं, खसखस, तीळ चांगलं खरपूस भाजून, मिरची जरा हात राखून घातलीस, तर शिराझ उघड. शिराझला स्वतःचाच मिरीसारखा वास असतो, भाजलेल्या खोबऱ्याशी छान जातो, आणि मटणाच्या चरबीने टॅनिन मऊ पडतं. बाजरीची भाकरी सोबत असली की अजून बरं.

पुरणपोळीचा एकच नियम, वाइन गोडाच्या पदार्थाहून गोड हवी नाहीतर ती आंबट लागते. लेट हार्वेस्ट शेनिन मिळते, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली, छोट्या बाटलीत. व्हॅलोनेची पासरियाज नावाची आहे, तीही गोड. पुरणात वेलची-जायफळ आणि वर तूप, सोबत घोटभरच घ्यायची. जिलेबी-गुलाबजामसोबत नको, त्या पाकापुढे कुठलीच वाइन टिकत नाही.

आणि मिसळीसोबत काय म्हणशील तर ताक. तिथे वाइन घुसवू नका कृपया.

लाल_वाइनच_खरी

रसिकाताईंचं तिखटाचं लॉजिक मान्य पण "आपल्याकडे पांढरीच बरी" हे जरा जास्त होतंय. दिंडोरी रिझर्व्ह शिराझ पिऊन बघा आणि मग बोला. व्हॅलोनेची मालबेक, चारोसाची टेम्प्रानिओ, ही काय कमी आहेत का? वीस वर्षांपूर्वीची नाशिकची लाल वाइन आणि आत्ताची यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, वेली पण आता जुन्या झाल्यात, मुळं खोल गेलीत.

आपले लोक लाल वाइनला नावं ठेवतात कारण ती गरम पितात. बाटलीवर लिहिलेलं नसलं तरी डोक्यात बसलंय की रेड रूम टेंपरेचरला प्यायची. अरे कुठल्या रूमचं? १६ ते १८ अंश म्हणतात त्याला, नाशिकच्या हॉलमध्ये फेब्रुवारीच्या दुपारी ते असतं का? मग नुसतं अल्कोहोल नाकात जातं. शिराझ प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, वेगळीच वाइन लागेल. पांढरी ८-१० अंशाला, फेसाळ त्याहून गार.

आणि घेताना बाटलीवरचं साल बघा. पांढरी आणि रोझे जितकी ताजी तितकी बरी, तीन-चार वर्षं जुनी शेनिन कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. लाल रिझर्व्ह थोडी जुनी चालते. उन्हात शोकेसमध्ये उभी असलेली बाटली तर फुकट दिली तरी नको. मी शक्यतो वायनरीतूनच घेतो, निदान तिथे ती थंड जागेत ठेवलेली असते.

निफाडचा_बागायतदार

लाल कष्टाची म्हटलं, वाईट नाही म्हटलं भाऊ. मी स्वतः शिराझच लावलीय.

सात्त्विक_नाशिककर

कुंभमेळ्याच्या नगरीत लोक पाहुण्यांना दारू पाजायला कुठे न्यायचं ते विचारतायत, आणि सोबत वणीचं दर्शन. वाइन म्हणजे दारूच, कितीही गोंडस नाव द्या. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा पण हेच, शेतकऱ्याचं नाव पुढे करायचं. अण्णा हजारेंनी विरोध केला ते बरंच झालं.

इंदिरानगरची_शिल्पा

काका, मावशी वणीला जाणार आणि बाकीचे वायनरीत, दोन्ही गोष्टींना जागा आहे आमच्या घरात. पण तुमचा मुद्दा एकदम उडवून लावत नाही, म्हणूनच कॅब करतेय आणि भावाच्या मित्रांना आधीच सांगितलंय की ही बसून ढोसायची ट्रिप नाही.

गंगापूररोड_पंक्या

काका, दारू आहेच ना, कोण नाही म्हणतंय. बिअर साधारण ५ ते ८ टक्के, वाइन १२-१३, व्हिस्की ४२.८. म्हणून तर म्हणालो गाडी चालवू नका. पण निर्णय २०२२ चा असला तरी दुकानांत काही आली नाही वाइन, तेव्हा त्यावर आता भांडण्यात अर्थ नाही. धाग्याचा विषय मटण आहे.

मिसळीचं रसिकाताईंचं पटलं. रविवारी वणीच्या आधी मखमलाबादच्या बाजूला खा मग, तिथून दिंडोरी रोडला लागायला सोपं.

इंदिरानगरची_शिल्पा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मग असं ठरवते, शनिवारी सकाळी पोहे खाऊन सुला आणि यॉर्क, दुपारी तिथेच जेवून चारपर्यंत घरी, मावशीला तिथे नुसतं बसायला आणि बाग बघायला आवडेल, तिच्या शेतात ऊस आहे त्यामुळे द्राक्षाची बाग बघून प्रश्नांची सरबत्ती करणार हे नक्की. रविवारी मिसळ, वणी, आणि जमलं तर येताना शांदों, फोन करून विचारते. इगतपुरी पुढच्या वेळेला.

मटणाची मिरची कमी करायची का हे घरी विचारलं तर नवरा म्हणतो पाहुणे कोल्हापूरचे आणि मटण फिकं, आपली अब्रू जाईल. त्यामुळे रोझे बहुतेक. तरी एक शिराझ आणून ठेवते, वाद नको.

अजून दोनच बारीक प्रश्न. घेणारे आम्ही सहा जण, तर बाटल्या किती लागतील? आणि माझ्याकडे ना ते बूच काढायचं हत्यार आहे ना ते मोठ्या पोटाचे ग्लास. चहाचे काचेचे ग्लास आहेत, ते चालतील का?

रसिका_पंचवटी

७५० मिलीच्या बाटलीत जेमतेम पाच ग्लास होतात, १५० मिलीचा एक धरला तर. सहा जण, दिवसा टेस्टिंग झालेलं, म्हणजे रात्री माणशी दोन-अडीच ग्लास पुरे. एक ब्रूट, एक रोझे, एक शिराझ अशा तीन आणि पुरणपोळीसाठी लेट हार्वेस्टची छोटी बाटली. शेनिन त्यांनी टेस्टिंगमध्ये प्यायलेली असेलच, आवडली तर चौथी तीच आण. त्याहून जास्त आणू नकोस, दुसऱ्या दिवशी गडावर जायचंय. सोबत पाण्याचा जग भरून ठेव, वाइनच्या बरोबरीने पाणी प्यायला लाव सगळ्यांना.

ग्लासाचं टेन्शन घेऊ नकोस, फक्त चहाचा ग्लास फार छोटा पडतो, वास फिरायला जागा राहत नाही. पाणी प्यायचे साधे काचेचे मोठे ग्लास घे आणि एक-तृतीयांशच भर. स्टीलचे तेवढे नको. आदल्या दिवशी धुऊन कोरडे करून ठेव, साबणाचा वास राहिला तर फेसाळ वाइनचा फेस लगेच बसतो.

बुचाचं म्हणशील तर सुलाच्या बऱ्याच बाटल्यांना स्क्रू कॅप असते, हाताने फिरवली की उघडली. स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाइन असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नकोस, पांढऱ्या ताज्या वाइनला तीच बरी. तरी वायनरीच्या दुकानात घेतानाच बघून घे, बूच असेल तर तिथेच ओपनर मिळेल.

ब्रूटला मात्र बूचच असणार आणि ती उघडताना भावाच्या मित्रांच्या हातात देऊ नकोस. बाटली आधी चांगली गार कर, न हलवता आण, तार सोडवल्यापासून बुचावरचा अंगठा काढायचा नाही, वर कापड धर आणि बूच घट्ट पकडून खालची बाटली हळूहळू फिरव, तोंड पंख्याकडे आणि माणसांकडे नको. फुस्स एवढाच आवाज यायला हवा. धाडकन उडवली तर पाव बाटली मावशीच्या शेवभाजीत जाईल.

लाल_वाइनच_खरी

शिराझ उरली तर झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस काही होत नाही. आणि उरलेल्या मटणाचा मसाला सोमवारपर्यंत मुरतो आणि तिखटपणा पण जरा बसतो, पाहुणे गेल्यावर तेव्हा पिऊन बघा, मग इथे येऊन सांगा रोझे की शिराझ.